खानावळवालीची वही

लाल कापडी पाठीची, उभी, वाण्याच्या पेढीवर असते तशी एक वही आमच्या घरात आहे. तिच्यातलं अक्षर माझं आणि हिशेब आईचा. मी तिसरीत असल्यापासून रात्रीची शेवटची पंगत उठली की आई मोरीत भांडी घासता घासता सांगायची आणि मी उंबऱ्यावर बसून लिहायचे. "खेड मोठा, दोन येळ. खेड ल्हान, एक येळ, रातपाळी. राजापूर, खाडा." माणसांची नावं तिला पाठ होती, पण एकाच नावाचे चार-चार जण असायचे. म्हणून वहीत गावं जेवायची. बाहेरच्या कुणाला वाचायला दिली असती तर त्याला वाटलं असतं, ही बाई अर्ध्या रत्नागिरी जिल्ह्याला पोसते आहे. तसं ते फारसं चूक नव्हतं.

डिलाईल रोडच्या बीडीडी चाळीतली आमची खोली. एकशे साठ चौरस फूट. बाबा गिरणीत साच्यावर होते. छातीचा आजार निघाला, वर्षभर औषधपाणी झालं, आणि परत कामावर घेतलं ते बदली म्हणून. म्हणजे रोज फाटकावर जायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. तेव्हा आईनं खानावळ काढली. "काढली" हा शब्द मोठा आहे. शेजारच्या गाळ्यातले चौघं गाववाले आमच्याकडे जेवू लागले, त्यांनी आणखी चौघं आणले, एवढंच. पाटी लागली नाही, परवाना नव्हता, कुठे नोंद नव्हती.

अशा बायका गिरणगावात किती होत्या हे कुणीच मोजलं नाही, कारण त्या धंदा करतात असं कुणाला वाटतच नव्हतं. खुद्द त्यांनाही नाही. पण हा धंदा गिरण्यांच्याच वयाचा असणार. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी पहिली कापडगिरणी उभारायला घेतली. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा सगळा पट्टा धुराड्यांनी भरला. कोकणातून आणि घाटावरून माणसं आली ती एकटी. बायको-पोरं गावी, शेताच्या तुकड्यावर. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. म्हणजे अर्ध्या पुरुषांना घरची चूल नव्हती. एका खोलीत वीस-पंचवीस जण राहायचे. भिंतीला ट्रंकांची रांग, वर दोरीवर कपडे, आणि तीन पाळ्यांत मिळून एकच अंथरूण. पहिल्या पाळीचा उठला की रातपाळीचा त्या ऊबेतच आडवा व्हायचा. झोपायची सोय अशी झाली. जेवणाची सोय बायकांनी केली.

या बायका कोण? बऱ्याच जणी आधी स्वतःच गिरणीत होत्या. तिसाच्या दशकापर्यंत मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांत एक बाई असे, मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत. बायकांना रातपाळी आधीच बंद झाली होती, मग १९२९ मध्ये बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, नवी यंत्रं आली, आणि मालकांना बाईमाणूस महाग वाटू लागलं. संरक्षणासाठी केलेल्या कायद्यानं त्यांचं कामच गेलं, हे मला पुस्तकात वाचून कळलं. माझ्या आजीला ते न वाचताच ठाऊक होतं. "पोराचं पैसं द्यायला लागू ने म्हनून आमालाच काडलं," एवढ्यात तिनं सगळं सांगून टाकलं होतं. खात्यातून निघालेली, नवरा गेलेली, नवरा असून नसल्यासारखी असलेली, अशा बायकांच्या हातात एक कसब शिल्लक होतं.

त्या कसबाचं मोल कळायला भुशाची शेगडी भरताना पाहायला हवं. पत्र्याच्या डब्याला खाली एक भोक. आई त्या भोकातून एक दांडकं आडवं घालायची आणि वरून मधोमध एक बाटली उभी धरायची. मग वखारीतून आणलेला लाकडाचा भुसा भोवतीनं ओतायचा आणि मुठीनं ठोकत ठोकत दाबायचा. सैल राहिला तर मध्येच ढासळतो आणि अर्धकच्च्या भातावर धूर. फार दाबला तर पेटत नाही. भरून झालं की बाटली हळूच फिरवत वर ओढायची, दांडकं बाजूनं काढायचं, आणि आत जी पोकळी राहते तिच्यातून जाळ वर येतो. नीट भरलेली शेगडी तीन तास एकसारखी जळते, कुणी पाहायला नको. आई पहाटे साडेतीनला दोन शेगड्या पेटवायची, कारण सात वाजता पहिल्या पाळीचा भोंगा. रॉकेलचा स्टोव्ह नुसत्या चहाला. रॉकेल रांगेत मिळे, भुसा स्वस्त होता. कोकणातल्यांना भात हवा, घाटावरल्यांना भाकरी. आमटी दोघांना एकच, पण तिखट कमी-जास्त. बुधवारी नि रविवारी सुकट नाहीतर बोंबील. महिन्याचे साठ रुपये, दोन वेळचे.

आता या साठ रुपयांचा खेळ सांगते. पुढे मी बँकेत कारकून झाले, छत्तीस वर्षं लोकांची खाती लिहिली, तेव्हा कुठे मला आईच्या वहीचा अर्थ लागला.

गिरणीचा पगार महिना संपल्यावर लगेच होत नसे. पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आगेमागे व्हायचा. म्हणजे एक तारखेला जेवलेल्या भाकरीचे पैसे चाळीस दिवसांनी. पंचवीस माणसं गुणिले साठ रुपये, पंधराशे. हे पंधराशे रुपये आईनं कायम लोकांच्या पोटात घातलेले असायचे. आणि ते ती आणायची कुठून? वाण्याकडून. वाणी माल उधार द्यायचा पण भाव वेगळा लावायचा, त्यात तांदूळ खड्यांसकट. वाण्याची बाकी तुंबली की सावकार. गिरणगावात सावकार म्हणजे पठाण, नाहीतर गळ्यात सोन्याची साखळी घालणारा चाळीतलाच कुणी दादा. शंभराला दहा, महिन्याला. १९४६ चा सावकारीचा कायदा होता खरा, पण तो कागदावर कर्ज घेणाऱ्यांसाठी. आईचं कर्ज तोंडी असायचं आणि तारण तिच्या हातातल्या पाटल्या. त्या पाटल्या मी तिच्या हातात सणावारीच पाहिल्या, एरवी त्या कुणाच्यातरी तिजोरीत.

गरीब बायकांना "पतपुरवठा" झाला तर त्या पायावर उभ्या राहतील, असं आमच्या बँकेतल्या भाषणांतून मी शेकडो वेळा ऐकलं. ऐकताना मला हसू यायचं. खानावळवाली ही गिरणगावातली सगळ्यात मोठी पतपुरवठादार होती. ती बिनव्याजी, बिनतारणी कर्ज द्यायची, तेही वाढलेल्या ताटाच्या रूपात, आणि ते कर्ज ती स्वतः महिन्याला शेकडा दहानं उचलायची. मधला सगळा तोटा तिच्या अंगावर, तिच्या झोपेवर, तिच्या पोरींच्या शाळेवर. माझी मोठी बहीण सहावीतून घरी बसली ती पाणी भरायला.

संप झाला की हे उघड्यावर यायचं. मुंबईतल्या गिरणी संपांचा इतिहास लिहिणारे पुढाऱ्यांची नावं लिहितात, मोर्चे लिहितात. पण पगार बंद असताना दोन-दोन महिने, कधी सहा-सहा महिने माणूस काय खातो? १९२८ चा संप सहा महिने चालला. गावी निघून गेले ते गेले. जे राहिले ते कुणाच्यातरी वहीत जेवले. १९७४ च्या सुरुवातीला संप झाला तो ४२ दिवसांचा. मी अकरा-बारा वर्षांची होते. दुष्काळाची वर्षं नुकतीच गेलेली, रेशनवर लाल मिलो, तेल बाजारातून गायब. आईनं पंगत बंद केली नाही, पण ताटातली भाजी गेली आणि आमटीत डाळ कमी झाली. जेवणारे खाली मान घालून जेवायचे. एकजण जाताना स्वतःचं रेशनकार्ड ठेवून गेला, "आक्का, माझी साखर तुमीच घ्या" म्हणून.

याच काळात प्रेमाताई पुरव या बायकांकडे वळल्या. त्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेल्या, पुढे मुंबईत येऊन लाल बावट्याखाली गिरणी कामगारांत काम करणाऱ्या. संपात कामगार टिकतो तो कुणाच्या जिवावर, हे त्यांनी पाहिलं. युनियनच्या सभेत ज्यांना कधी खुर्ची मिळाली नव्हती त्या बायकांना त्यांनी चाळीचाळींतून गोळा केलं. १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं आणि १९७२ पासून सरकारनं गरिबातल्या गरिबांसाठी वर्षाला ४ टक्के व्याजाची योजना बँकांना लावून दिली होती. योजना होती, पण ती मागायला कुणी जात नव्हतं. प्रेमाताईंचे पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे पुढारी. बँकेच्या आत काय चालतं हे त्या घरात ठाऊक होतं, आणि माझ्या मते अन्नपूर्णेच्या कहाणीत या योगायोगाला मिळायला हवं तेवढं श्रेय मिळत नाही. दार कुठे आहे हे सांगणारा माणूस लागतोच. पहिल्यांदा चौदा जणींना प्रत्येकी दीड हजार मिळाले.

आईचा नंबर पुढल्या वर्षी लागला. मंडळाच्या ताई चाळीत आल्या, खोलीत दहा-बारा जणी बसल्या. नियम साधा: एकटीला कर्ज नाही, गटाला. एकीनं हप्ता चुकवला तर बाकीच्यांनी भरायचा. पुढे साऱ्या जगानं या नियमाचं कौतुक केलं. बांगलादेशात जोब्रा गावी मुहम्मद युनुस यांनी ४२ जणांना मिळून २७ डॉलर दिले ते १९७६ मध्ये, त्यातून ग्रामीण बँक झाली, २००६ मध्ये नोबेल. अहमदाबादला इला भट यांच्या सेवा संस्थेतल्या चार हजार बायकांनी दहा-दहा रुपये घालून १९७४ मध्ये स्वतःची बँकच काढली. मोठीच कामं ती. पण आमच्या खोलीतल्या बायकांना नियम ऐकून नवल वाटलं नाही, कारण त्या भिशी लावत होत्या. भिशीत काय वेगळं असतं? उचल घेऊन कुणी पळालं तर तिच्या दारात बाकीच्या जाऊन बसतात. एका म्हातारीनं तेवढं विचारलं, "चिठ्ठी कोन काडनार?" यात चिठ्ठी नाही, सगळ्यांना एकदमच मिळणार, हे तिला पटायला वेळ लागला.

बँकेत मी आईबरोबर गेले होते, लिहायला. साहेबानं अर्जातले रकाने विचारायला सुरुवात केली. धान्य किती, भुसा किती, खोलीभाडं किती. मी वही उघडून सांगत होते. मग मजुरी. आई म्हणाली, "मजुरी न्हाय." "माणूस नाही ठेवलेला?" "न्हाय." "मग काम कोण करतं?" "मीच की." साहेबानं मजुरीच्या रकान्यात रेघ मारली. त्या रेघेमुळेच कागदावर नफा दिसला आणि कर्ज बसलं.

मग व्याज सांगितलं, चार टक्के. आईनं माझ्याकडे बघितलं, बोटांवर काहीतरी केलं आणि म्हणाली, "म्हैन्याला चार? बरं हाय." दहापेक्षा चार केव्हाही बरे. साहेब म्हणाले, वर्षाला. आईला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. बाहेर आल्यावर तिनं मला दोनदा विचारलं.

अंगठा चालला असता. आई अंगठाच द्यायला निघाली होती. शाई लागली की ती केसांना पुसायची सवय होती तिला. पण मंडळाच्या ताईंचा सहीचा आग्रह. आठ दिवस मी तिला पाटीवर गिरवून घेतलं. तिचं नाव चार अक्षरी, आडनाव सोडून दिलं. दुसऱ्या अक्षराची वेलांटी ती शेवटपर्यंत उलटीच काढायची आणि बँकेनं ती तशीच मान्य केली. त्या चार अक्षरांपलीकडे ती आयुष्यात काही लिहायला शिकली नाही.

दीड हजारातले निम्मे पैसे त्याच संध्याकाळी सावकाराला गेले. हे मंडळालाही माहीत असणार. कागदावर ते "खेळतं भांडवल" होतं. उरलेल्यातून आईनं आणि चाळीतल्या तिघींनी मिळून दाणाबंदर गाठलं. घाऊक बाजारात रोकडा घेऊन चार बायका पोती बघताहेत, मूठभर तांदूळ तळहातावर घेऊन फुंकताहेत, दलाल त्यांना "बाई, किरकोळ इथे नाही" म्हणून हाकलतोय, आणि त्यातली एक पदरातून नोटा काढून दाखवते. मग हातगाडी. पोती चौघींत पायलीनं वाटून घेतली ती चाळीच्या जिन्याखाली, आणि वाणी समोरून बघत होता. त्यानं पुढल्या आठवड्यात आईला निरोप धाडला, भावाचं जमवू म्हणून. मला विचाराल तर कर्जाचा खरा फायदा तो निरोप.

सगळं गोड झालं असं नाही. आमच्या गटातल्या एकीच्या नवऱ्यानं पहिल्याच आठवड्यात पैसे दारूच्या अड्ड्यावर नेले. तिचा हप्ता बाकीच्यांनी भरला, पण त्या वर्षभर तिच्याशी कुणी धड बोललं नाही. नळावर तिला शेवटी पाणी मिळायचं. हमी म्हणजे ही. कागदावर तिला सामूहिक जबाबदारी म्हणतात. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात खासगी कंपन्यांच्या कर्जवसुलीवरून गदारोळ झाला, आत्महत्यांच्या बातम्या आल्या, त्यानंतर रिझर्व्ह बँकेला व्याजावर २६ टक्क्यांची मर्यादा घालावी लागली. तेव्हा मला तो नळ आठवला. आणि चार टक्क्यांवरून सव्वीसवर आपण कसे आलो, हाही विचार आला. अन्नपूर्णेनं मात्र पुढे धंद्याच्या कर्जापलीकडे बरंच केलं. दादरला बायकांचं स्वयंपाकघर चाललं, प्रशिक्षण झालं. प्रेमाताईंच्या कन्या मेधा पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांत काम वाढवलं. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली तेव्हा आईनं पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

पण तोवर खानावळी राहिल्या होत्या कुठे? १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगारांचा, आणि तो रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी जाहीर केलंच नाही. आईनं बेचाळीस दिवसांच्या हिशेबानं सुरुवात केली. काढू कळ, एवढंच. शिमग्याला माणसं गावी गेली, निम्मी परतली. गणपतीला गेली ती परतलीच नाहीत. ट्रंका राहिल्या. तिच्याकडे तेव्हा बँकेचं तिसरं कर्ज चालू होतं. पहिली दोन फेडलेली, एक हप्ता चुकला नव्हता. सगळा गटच खानावळवाल्यांचा, सगळ्यांचीच गिऱ्हाइकं एकदम बुडालेली. एकीनं दुसरीची हमी घ्यायची ही गोष्ट दुसरीच्या हातात काही असेल तर चालते. आमच्या गल्लीतल्या गटानं हे त्या वर्षी शिकून घेतलं. काही जणी घरकामाला लागल्या, काही स्टेशनबाहेर भाजी घेऊन बसल्या. आईच्या पाटल्या या वेळी तारण गेल्या नाहीत, विकल्या गेल्या. बँकेचा शेवटचा हप्ता त्यातून भरला.

आता चाळ पाडून टॉवर होणार म्हणून सामान आवरताना वही पुन्हा हाताशी आली. शेवटच्या काही पानांवर अक्षर माझंच, वीस वर्षांचीचं, जरा घाईतलं. "खेड मोठा, दोन वेळ. खेड लहान, एक वेळ. राजापूर, दोन वेळ." जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जमेची बाजू कोरी. ऑगस्टमध्ये माणसं तीनच उरलेली. शेवटी मी बेरीज मारलेली आहे, चार हजार दोनशे दहा रुपये. बँकेत असताना अशी खाती मी बुडीत म्हणून कितीतरी निर्लेखित केली, त्याला वरून हुकूम लागतो, समिती लागते.

बेरजेखाली आईची सही आहे. उलट्या वेलांटीची. ती मी तेव्हा पाहिली नव्हती, आईनं ती केव्हातरी मागाहून केली असावी. ती असताना एकदा मी विचारलं होतं, इथं सही कशाला केलीस गं?

"अगं," ती म्हणाली, "बँकंत खातं मिटलं की सही घेत्यात न्हवं."